गॅरेजमधली भट्टी: शिशाच्या जिगवर घरच्या घरी पावडर कोटिंग

भोसरी एमआयडीसीत एका पावडर कोटिंगच्या, म्हणजे धातूवर रंगाची पावडर भाजून बसवण्याच्या, शॉपवर मी २६ वर्षं सुपरवायझर होतो. कपाटांची दारं, पंख्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट, जो जॉब येईल तो हँगरला लावायचा, सात टाक्यांतून काढायचा, गन मारायची आणि भट्टीत ढकलायचा. निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे मिनेसोटात आलो, तेव्हा पावडरच्या डब्याशी आपला संबंध संपला असंच धरून चाललो होतो.

मग एका मार्च महिन्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, शेजारचे आजोबा त्यांच्या गॅरेजात मेणबत्तीवर काहीतरी तापवताना दिसले. चिमट्यात जिग, म्हणजे गळ आणि गळाच्या डोक्यावर शिशाचा हरभऱ्याएवढा गोळा. तो ज्योतीवर चार-पाच सेकंद धरायचा, हिरव्या पावडरच्या डब्यात बुडवायचा, बाहेर काढला की पावडर वितळून चकचकीत. मग तो खिळ्याला टांगून ठेवायचा. काम संपलं. ते गेली चाळीस वर्षं असंच करत आले होते, आणि दर वर्षी तळ्याच्या खडकाळ तळाला दोन-चारदा आपटलं की रंगाचे टवके उडतात अशी त्यांची तक्रारही चाळीस वर्षांची होती.

मी एक जिग घेतला, नखानं खरवडला. रंग पापुद्र्यासारखा निघाला. आजोबांना म्हटलं, तुमची पावडर वितळली आहे, पिकलेली नाही.

त्या एका वाक्यामुळे आता दर हिवाळ्यात आमच्या गॅरेजात माझी छोटी भट्टी पेटते. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण उन्हाळ्यात तळ्यावर गळ टाकून बसतात, त्यांतले काही जण विचारत असतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतो आहे.

ज्यांना जिग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिग म्हणजे गळाच्या दांड्याभोवती शिशाचं डोकं ओतलेलं असतं तो. वजन आणि गळ एकच. दोरीला बांधून टाकला की तळाशी जातो, वर हलका झटका दिला की टुणकन उडी मारतो, आणि त्याला लावलेली जळू किंवा छोटा मासा जिवंत असल्यासारखा भासतो. इकडच्या वॉलाय माशासाठी ⅛ आणि ¼ औंसाचे, म्हणजे साधारण साडेतीन आणि सात ग्रॅमचे जिग सगळ्यांत जास्त चालतात. माझं आजोळ दाभोळच्या खाडीकाठचं. तिथे मामा गरवायला बसायचा तेव्हा रंगबिंग कोणी विचारात घेत नसे, आणि पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, कडेला लावलेलं शिसं तर काळंच बरं. पण इथे लोक गुलाबी की पोपटी यावर भांडतात. वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही रंगांचे करून ठेवावेत.

पिकणं म्हणजे काय

पावडर म्हणजे रेझिन, कठीण करणारं द्रव्य आणि रंगद्रव्य एकत्र वितळवून, थंड करून दळलेलं पीठ. गरम धातूला लागलं की आधी ते वितळतं, पसरतं, चकाकतं. इथेच सगळे फसतात, कारण दिसायला काम झालेलं असतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ राहिलं की रेझिनचे रेणू एकमेकांना साखळीनं बांधले जातात आणि मग तो थर पुन्हा कधी वितळत नाही. चकलीचं जसं असतं तसं. तेलात पडल्यावर रंग पटकन येतो, पण आत कच्ची असली तर दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर कळतं.

भोसरीत आमच्याकडे पॉलिएस्टर पावडरला २०० अंश सेल्सिअसला १० मिनिटं असा हिशेब असायचा. नवीन पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. ही १० मिनिटं भट्टीत जॉब ढकलल्यापासून मोजायची नाहीत, जॉबचा धातू २०० ला पोचल्यापासून मोजायची. भट्टीचा काटा २०० दाखवतो तेव्हा आत हवा २०० असते, जाड ब्रॅकेट अजून १२० वरच रेंगाळत असतो. लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा, तो भाता मारत असताना निखाऱ्यांकडे बघायचाच नाही, त्याची नजर भांड्यावर. कथलाची कांडी टेकवून बघायचा, ती पाघळली की भांडं तापलं. कथील २३२ अंशांना वितळतं हे त्याला कोणी सांगितलं नसेल, पण त्याचा थर्मामीटर कथलाचाच होता.

जिगसाठी ज्या पावडरी मिळतात त्या बहुधा कमी तापमानाला पिकणाऱ्या असतात. डब्यावर लिहिलेलं वाचा, तेच प्रमाण. माझ्याकडच्या सगळ्या ३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे १७७ सेल्सिअसला, २० मिनिटांत पिकतात.

आधी धातू कोणता ते विचारा

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तयारीच्याही आधी सांगतो.

दुसऱ्या वर्षी मुलानं मला वाढदिवसाला बिनशिशाचे दोन डझन जिग आणून दिले. बिस्मथचे. मी नेहमीच्या दिमाखात ते तापवले, पावडर लावली, भट्टीत टांगले, ३५० लावलं आणि आत चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर जाळीवर नुसते गळ लोंबत होते, टकले. खाली ताटलीत गुलाबी रंगाच्या कातडीत गुंडाळलेल्या चंदेरी धातूच्या पोळ्या.

शुद्ध बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसला वितळतो, कथील २३२ ला. पण दोन्ही एकत्र केले की मिश्रण १३८ अंशांपासूनच वितळायला लागतं. बाजारात ‘बिस्मथ’ म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा कथील असतं. १७७ च्या भट्टीत ते टिकणार कसं? आयुष्यभर लोखंडावर काम केलेला माणूस मी. लोखंड वितळेल का असा प्रश्न भोसरीत २६ वर्षांत एकदाही पडला नव्हता.

शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे शिशाला चिंता नाही. पण भंगारातल्या शिशात जुन्या डागकामाचं मिश्रण (सोल्डर) मिसळलेलं असेल तर सावध. कथील आणि शिशाचं ते मिश्रण १८३ अंशांपासून पाघळू लागतं. तुमची भट्टी १७७ वर लावलेली आहे आणि दहा अंश इकडेतिकडे होते, म्हणजे काठावरच उभं राहणं झालं. कुठलं शिसं आहे हे माहीत नसेल तर एक जिग, पावडर न लावता, रिकामाच भट्टीत अर्धा तास टांगून बघा. शुद्ध कथलाचे जिग या तापमानाला टिकतात. वजनाला हलके पडतात, कारण शिशाची घनता ११.३ आणि कथलाची ७.३, म्हणजे तेवढ्याच वजनाचा जिग आकारानं बराच मोठा होतो. बिस्मथवाल्यांना हवेत वाळणारा रंग द्या आणि ही पद्धत विसरा.

ओव्हन कुठला

स्वयंपाकघरातला नको. एकदाही नको, ‘नंतर पुसून घेऊ’ म्हणूनही नको. शिसं आणि पिकताना निघणारा धूर, दोन्ही अन्नाजवळ यायला नकोत. मी यार्ड सेलमध्ये १० डॉलरला एक टोस्टर ओव्हन घेतला. त्याच्या दारावर हिनं मराठीत ‘विष’ असं मार्करनं लिहून ठेवलं आहे, नात वाचायला शिकली ते पहिल्या काही शब्दांत हाच शब्द.

घेताना बघायचं ते उंची. जिग गळाच्या वाकणातून टांगायचे असतात, डोकं खाली, त्यामुळे जाळी वर बसवून खाली किमान तीन-चार इंच मोकळे हवेत. आतल्या तारा लालभडक होतात आणि त्यांच्यासमोर जो जिग येतो त्याला हवेपेक्षा किती तरी जास्त आच लागते. मी वरच्या आणि खालच्या तारांसमोर ॲल्युमिनियमच्या जाड फॉइलचा आडोसा लावला आहे, तारेला न चिकटता, फटी सोडून. हवा खेळवणारा पंखा असलेला ओव्हन मिळाला तर उत्तमच.

ओव्हनच्या बटणावर लिहिलेलं तापमान म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त. माझा ३५० फॅरनहाइट म्हणतो तेव्हा मधे ३२० असतो आणि मागच्या कोपऱ्यात ३८५. हे कळलं कसं, तर १५ डॉलरचा तारेचा थर्मोकपल मीटर घेतला (तारेचं टोक जिथे टेकेल तिथलं तापमान तो दाखवतो) आणि त्याचं टोक एका रिकाम्या जिगला तारेनं घट्ट बांधलं. तो जिग कायम भट्टीत, बॅचच्या मधोमध टांगलेला असतो. मीटर बाहेर. माझं घड्याळ तो आकडा ३५० दाखवतो तेव्हा सुरू होतं. छोटे जिग पाच-सहा मिनिटांत पोचतात, शिसं तापायला फार उष्णता मागत नाही. दोन औंसाचे मोठे गोळे मात्र बराच वेळ खातात. छोटे आणि मोठे एका बॅचमध्ये घालू नका.

हा ओव्हन दीड हजार वॉटच्या आसपास खेचतो. बारीक एक्स्टेन्शन कॉर्डवर लावू नका, सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. आणि गॅरेजात गॅसवर चालणारा पाण्याचा हीटर असेल, त्याची छोटी ज्योत सतत जळत असेल, तर पावडरचं काम त्या गॅरेजात नकोच. हवेत उडालेली बारीक पावडर पेट घेते. आमच्या शॉपवर बूथजवळ काडेपेटी खिशात ठेवली तरी पाळी बुडायची.

शिसं आणि हात

ओतकामाबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर काय होतं हे बघितलेल्या माणसाकडूनच तो शिकावा. ओतलेले कोरे जिग विकत मिळतात, सुरुवात तिथून करा.

कोऱ्या शिशाला हात लावण्यात कातडीतून फारसं काही जात नाही. जातं ते हातावरून तोंडात. हाताला लागलेलं शिसं चिवड्याच्या वाटीत जातं, दाराच्या मुठीला लागतं, तिथून रांगणाऱ्या मुलाच्या हाताला. इथल्या केंद्रीय आरोग्य खात्यानं (सीडीसी) २०२१ पासून मुलांच्या रक्तातल्या शिशाची लक्ष ठेवण्याची पातळी डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे, आणि सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही असंही ते सांगतात. म्हणून माझे नियम: नायट्राइलचे हातमोजे, कामाचा वेगळा शर्ट जो घरात येत नाही आणि घरच्या कपड्यांत धुतला जात नाही, गॅरेजात चहासुद्धा नाही, आणि संपल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात. टेबल झाडायचं नाही, ओल्या कागदानं पुसायचं. घरचा व्हॅक्यूम तर मुळीच नाही, तो शिशाची धूळ मागून हवेत सोडतो. पुसलेले कागद, कातरलेलं शिसं, सगळं एका झाकणाच्या डब्यात, आणि डबा भरला की काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि गॅरेज घराला जोडलेलं असेल तर मी तरी हा उद्योग करणार नाही. नात दोन वर्षांची होईपर्यंत मीही आजोबांच्या शेडमध्ये जाऊन करायचो.

साफसफाई

लोखंडाला आम्ही सात टाक्या द्यायचो: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, धुणं, फॉस्फेट, धुणं, पॅसिव्हेशन. शिशाला त्यातली पहिलीच पुरते, पण ती नीट हवी. साच्याला धुरी दिलेली असते, तिची काजळी जिगवर राहते. बोटांचं तेल असतं. अशा जागी पावडर वितळते पण धरत नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होते. ओतकामाच्या शिवणीवरचे पातळ काठ चाकूनं काढा, कानसीनं नको, कानस धूळ करते. मग ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापडानं पुसून वाळवा आणि त्यानंतर उघड्या हातानं धरू नका.

जुना जिग काळवंडलेला असला तर तो चकचकीत करायचा मोह होतो. आमच्या घरी समई चिंचेनं घासतात, म्हणून मीही विचार केला होता चिंच किंवा व्हिनेगर वापरावं. करू नका. व्हिनेगर आणि शिसं मिळून शिशाचा ॲसिटेट होतो, तो पाण्यात विरघळतो, चवीला गोड असतो आणि विषारी. काळवंडलेल्या शिशावर पावडर चांगली बसते, तेल मात्र नको. एवढं पुरे.

मिनेसोटाच्या हिवाळ्यातली एक खास अडचण: उणे २० मधल्या गॅरेजातून जिग आत आणले की त्यांना घाम फुटतो. त्या ओलाव्याची वाफ पावडरच्या थराखालून वर येते आणि फोड येतात. आदल्या रात्री जिग आणि पावडर दोन्ही घराच्या तापमानाला आणून ठेवा, डबे बंदच. पुण्यात हेच जुलैत व्हायचं. पावसाळ्यात पावडरचे गोळे व्हायचे आणि चाळता चाळता पोरांचे हात भरून यायचे.

पावडर लावणं

आता मजेचा भाग.

कारखान्यात गन पावडरला विजेचा भार देते आणि अर्थिंग केलेल्या जॉबवर ती ओढली जाते. घरी गनची गरज नाही. जिग तापवा, पावडरमध्ये बुडवा, गरम धातूला लागलेली पावडर वितळून चिकटते. पण सरळ डब्यात खुपसलात तर दाबलेली पावडर ढेकळासारखी लागते. म्हणून हवेची वाटी करायची. चार-पाच इंच लांब, दोन इंच रुंद प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा, त्याच्या मधे कॉफीच्या गाळणीचा कागद ताणून चिकटवलेला, खालचं तोंड बंद आणि त्यात माशांच्या टाकीच्या पंपाची नळी. वरून एक इंचभर पावडर. पंप सुरू केला की हवा कागदातून झिरपते आणि पावडर फुगून मऊ होते. पातेल्यातलं दूध वर यायच्या बेतात असतं तसं तिचं पृष्ठ हलायला लागतं. उसळून बाहेर उडत असेल तर हवा जास्त आहे, नळीवर चिमटा लावून कमी करा. त्यात बोट घातलं तर पाण्यात घातल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी पंधरा मिनिटं नुसता बोट घालत बसलो होतो.

तापवायला मेणबत्ती नको, ती काजळी देते आणि पांढरा रंग राखाडी होतो. शिवाय ज्योत आणि उडती पावडर एका टेबलावर नकोत. हीट गन चालते, पण ती पावडरच्या वाटीपासून हातभर दूर आणि तोंड उलट दिशेला. मला स्वतःला भट्टीतच तापवायला आवडतं. सगळे जिग दहा मिनिटं ३५० ला टांगायचे, मग दार किंचित उघडून लांब चिमट्यानं एकेक काढायचा. सगळ्यांचं तापमान सारखं, म्हणून थरही सारखा. आधी तापल्यामुळे दांड्याजवळ अडकलेली हवा आणि ओलावा पण निघून जातो, पिनहोल, म्हणजे थरातली बारीक छिद्रं, कमी येतात.

काढल्यापासून दोन सेकंदांत वाटीत. फक्त डोकं, गळाचा दांडा नाही. एक गिरकी आणि बाहेर. मनात ‘एक’ म्हणायचं, ‘दोन’ म्हणायच्या आत काढायचं. बाहेर आल्यावर तो मिठात घोळवलेल्या कैरीसारखा दिसला पाहिजे आणि तीन-चार सेकंदांत स्वतःच्याच उष्णतेनं चमकला पाहिजे. पावडर कोरडीच राहिली तर जिग थंड होता. बाहेर येता येता थेंब लोंबत असेल तर फार गरम होता किंवा तुम्ही ‘तीन’ म्हणालात. कारखान्यात आम्ही ६० ते ८० मायक्रॉनचा थर मागायचो, बुडवून लावलेला थर त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो, म्हणून हात आखडता ठेवा.

मऊ असतानाच दोरी ओवायच्या कडीत टाचणी किंवा टूथपिक फिरवा. हे आता विसरलात तर मे महिन्यात तळ्यावर, वाऱ्यात, गारठलेल्या बोटांनी कडीत अडकलेला पिकलेला रंग टोकरत बसाल. मी बसलो आहे. आजोबा होडीच्या दुसऱ्या टोकाला काही न बोलता बसले होते.

भडक पोपटी, नारिंगी, गुलाबी यांना खाली पांढरा थर लागतो, नाही तर शिशाचा करडा रंग खालून डोकावतो आणि सगळं मळकं दिसतं. अंधारात चमकणाऱ्या पावडरलाही तेच. तिचे कण जड असतात, वाटीत तळाशी बसतात, दर चार-पाच जिगांनंतर काडीनं हलवा. दोन रंग हवे असतील तर पहिल्यात बुडवून झाल्यावर मऊ ब्रशच्या टोकावर दुसरी पावडर घ्या आणि गरम जिगच्या अर्ध्या भागावर ब्रशला टिचकी मारा. ब्रश टेकवायचा नाही. डोळे मी सगळं पिकून थंड झाल्यावर खिळ्याच्या डोक्यानं लावतो, नातीच्या नेल पॉलिशनं. ती तिच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवते, आजोबा, एक बाटली.

गळ नसलेली गोल शिशाची वजनं असतील तर वेगळी युक्ती आहे. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात थोडी पावडर आणि वजनं घालून मिनिटभर हलवायचं, घर्षणानं भार तयार होतो आणि पावडर थंड शिशावरच बसते. शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतणारे नेमबाज असंच करतात म्हणे, तो माझा प्रांत नाही. जिगला ही पद्धत निरुपयोगी, कारण गळालाही पावडर बसते आणि टोकं एकमेकांत अडकतात.

भाजणं

थर्मोकपलवाला जिग मधे, बाकीचे भोवती, एकमेकांना न टेकता. ताटलीत फॉइल. पारा ३५० ला आला की २० मिनिटांचा गजर. पहिली सात-आठ मिनिटं दार उघडायचं नाही.

धुराचा वास थोडा येणारच. गॅरेजचं दार हातभर वर आणि एक पंखा हवा बाहेर ढकलणारा. पण वारा सरळ ओव्हनवर येत असेल तर तो तापतच नाही. जानेवारीत माझी एक अख्खी बॅच अशीच कच्ची राहिली. बटण ३५० वर, दारातून उणे १५ चा झोत, मीटर २९० च्या वर जाईना. तेव्हापासून ओव्हनच्या पाठीमागे पुठ्ठ्याचा नाही, पत्र्याचा आडोसा लावतो.

जास्त भाजलं तर पांढरा पिवळसर होतो, गुलाबी विटकरी, पोपटी मेंदीसारखा. मासे तक्रार करत नाहीत. पण कमी भाजलेल्यापेक्षा किंचित जास्त भाजलेलं कधीही बरं, आजोबांना मी हेच सांगतो आणि तेही रोस्ट करपवल्यावर मला हेच ऐकवतात.

बाहेर काढल्यावर जाळीवरच थंड होऊ द्या. पाण्यात बुडवू नका, घाई असली तरी.

पिकलं की नाही

कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घ्या, नसेल तर नेल पॉलिश काढायचं द्रव घ्या, पण त्यात ॲसिटोन आहे ना ते बाटलीवर बघा. जिगवर जोर देऊन पुढे-मागे २५ वेळा घासा. चमक थोडी कमी झाली तर चालेल. कापसाला रंग लागला किंवा पृष्ठ चिकट झालं तर पावडर कच्ची आहे. परत भट्टीत घाला. कच्ची पावडर दुसऱ्यांदा भाजता येते, तेवढी ती क्षमाशील असते.

दुसरी परीक्षा पक्कडीची. एक जिग बळी द्यायचा, डोकं पक्कडीत दाबून शिसं चपटं करायचं. पिकलेला थर शिशाबरोबर वाकतो, फार तर भेग पडते. कच्चा थर काचेसारखा फुटून टेबलभर होतो. आजोबांच्या जुन्या जिगवर मी पहिल्या दिवशी हेच केलं होतं, त्यांना जरा लागलं.

तिसरी परीक्षा वेळखाऊ आहे पण खरी. मऊ रबरी आळ्या जिगला लावून डब्यात महिनाभर ठेवा. त्या रबरात मऊ ठेवणारं तेल असतं, ते कच्च्या रंगात शिरतं आणि दोघांचा एक चिकट गोळा होतो. पिकलेल्या पावडरला काही होत नाही.

एका पक्ष्याबद्दल

मिनेसोटाचा राज्यपक्षी लून. काळं डोकं, लाल डोळे, आणि संध्याकाळी तळ्यावर त्याची हाक ऐकली की अंगावर काटा येतो. हा पक्षी अन्न दळायला तळातले खडे गिळतो. खड्यांबरोबर कधी तुटलेल्या दोरीचा जिग जातो, कधी जिग अडकलेला मासाच जातो. एक छोटा जिग एका लूनला मारायला पुरतो. न्यू हॅम्पशर आणि मॅसॅच्युसेट्समध्ये एक औंसापर्यंतच्या शिशाच्या जिगना म्हणूनच बंदी आहे. तुम्ही कुठे राहता तिथला नियम आधी बघा.

मला बरेच जण विचारतात, वरून पावडरचं कवच आहे ना, मग शिसं बाहेर कसं येईल? त्याच्या पोटात खडे आहेत, आणि ते दिवसभर दळत असतात. माझी २५ वेळा घासायची परीक्षा त्याच्यापुढे काहीच नाही.

म्हणून गेल्या वर्षीपासून छोटे जिग मी कथलाचेच घेतो, महाग पडतात तरी. शिशाचे जे दोनशेक उरलेत ते मोठ्या आकाराचे, खोल पाण्यासाठी. कथलाला भट्टी तीच, ३५०, २० मिनिटं. फक्त एक लक्षात ठेवा, कथील २३२ सेल्सिअसला म्हणजे ४५० फॅरनहाइटला जातं, आणि माझ्या ओव्हनचा मागचा कोपरा ३८५ दाखवतो. त्या कोपऱ्यात मी कथील टांगत नाही.

आजोबांनी यंदा स्वतःचा टोस्टर ओव्हन घेतला. त्यांच्या दारावरही हिनंच लिहून दिलं. त्यांना वाचता येत नाही, पण म्हणतात अक्षर छान आहे.